सहलीत दगड, खापरं, नाणी दिसली तर: इंदूरहून निघणाऱ्या कुटुंबांसाठी टप्प्याटप्प्याने

मांडूहून परतताना मुलाच्या खिशात निळ्या टाइलचा कपचा निघतो. महेश्वरच्या पलीकडच्या काठावरून आलेल्या पिशवीत रंगवलेलं खापर असतं. धार जिल्ह्यातल्या बाग गावाच्या वाटेवर कुणीतरी शिंपला उमटलेला दगड उचलून डिकीत टाकलेला असतो. ‘हे चालतं का?’ हा प्रश्न मात्र घरी, चहाच्या वेळी पडतो. चूक होते ती या क्रमात. जमीन कुणाची, वस्तू कोणत्या जातीची आणि परवानगी कुणाकडून, हे तिन्ही हात लावण्याआधी ठरलं पाहिजे.

गैरसमजाचं एक मोठं कारण म्हणजे अमेरिकेतले व्हिडिओ. तिथे काही सरकारी जमिनींवर छंदासाठी अश्मीभूत लाकूड दिवसाला २५ पौंडांपर्यंत नेता येतं, आणि ते पाहून इथेही अशी काही मर्यादा असेल असं वाटतं. आपल्या खनिज कायद्यात ‘छंदापुरतं इतके किलो चालेल’ अशी सूट नाही. त्यामुळे खालचे टप्पे गाळू नका आणि उलटसुलट करू नका.

टप्पा १: जमीन ओळखा (निघण्याच्या आठवडाभर आधी)

सहलीतली प्रत्येक थांबण्याची जागा नकाशावर टिपा आणि तिच्यापुढे पुढीलपैकी एक शेरा लिहा.

*संरक्षित स्मारक किंवा पुरातत्त्वीय स्थळ.* मांडूतले महाल आणि बागची लेणी यात येतात. फलकावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा मध्य प्रदेश शासनाचा पुरातत्त्व विभाग, यांपैकी एक नाव असतं. केंद्रीय स्मारकांना १९५८ चा कायदा लागू होतो, राज्याच्या स्मारकांना १९६४ चा. केंद्रीय स्मारकातून काही काढलं किंवा त्याची मोडतोड केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जमिनीवर सुटा पडलेला कपचाही स्मारकाचाच भाग आहे. हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. ही बंधनं बांधकाम आणि खोदकामासाठी आहेत, पण आमचा सल्ला असा की छंदवाल्यांनी हे ३०० मीटर सरसकट ‘फक्त पाहायचं’ म्हणून धरावेत. जुनी वस्ती भिंतीपाशी संपत नाही.

*वनजमीन.* विंध्य उतरताना रस्त्याकडेला ओळीने मुनारे, म्हणजे हद्दीचे खांब, दिसले की वनहद्द आली असं समजा. १९२७ च्या वन अधिनियमात जंगलातला दगड, खनिज आणि वरची मातीसुद्धा वनोपज आहे. म्हणजे राखीव जंगलातून गारगोटी आणणं आणि लाकूड आणणं कायद्याच्या नजरेत एकाच जातीचं. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य असेल तर नियम आणखी कडक. धार जिल्ह्यात बागजवळ डायनासोर जीवाश्मांसाठी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पाहायचं असेल तर आधी वनविभागाला विचारायचं, आणणं मात्र नाहीच.

*खाजगी शेत.* मध्य प्रदेश भू-अभिलेखाच्या संकेतस्थळावर गाव निवडून खसरा क्रमांकावरून, म्हणजे शेताच्या भूमापन क्रमांकावरून, मालकाचं नाव दिसतं. बटाईने कसणारा वेगळा असेल तर त्यालाही विचारावं लागेल, कारण पीक त्याचं आहे.

*शासकीय आणि चरनोई (गावचं गायरान).* या जमिनी कुणाच्याच नाहीत असं वाटतं, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. खसऱ्यात त्या ‘शासकीय’ म्हणून नोंदलेल्या असतात.

*नदीपात्र.* पात्र शासनाचं. वाळू आणि गिट्टी गौण खनिजात मोडतात.

तपासा: खाजगी शेतातही मालकाचा हक्क मुख्यतः पृष्ठभागावर असतो. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम २४७ नुसार खनिजांवर हक्क शासनाचा. त्यामुळे ‘शेतकरी हो म्हणाला’ एवढ्याने कुदळ मारायला मोकळीक मिळत नाही. त्याची परवानगी असते ती शेतात चालायची, पाहायची आणि वर पडलेला साधा दगड घ्यायची.

टप्पा २: परवानगी, आणि तीही लेखी

तोंडी परवानगी वाटेत कामाला येत नाही. वही-कागदावर हिंदीत सहा ओळी पुरतात: तुमची नावं, गाडीचा क्रमांक, तारीख, गाव आणि खसरा क्रमांक, ‘केवळ पृष्ठभागावरचे नैसर्गिक दगड, खोदकाम नाही’ हे वाक्य, आणि मालकाची सही किंवा अंगठा. दोन प्रती करा, एक त्याच्याकडे ठेवा.

मालक सापडत नसेल तर गावच्या कोटवाराला, म्हणजे गावच्या चौकीदाराला, भेटा. कुठल्या शेतात कुणाचं काय पेरलंय, कुठे देवस्थान आहे, कुठली विहीर उघडी आहे, हे त्याला पटवाऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. जंगलात शिरायचं असेल तर रेंजर कार्यालयात अर्ज द्या. तिथून मिळते ती फिरण्याची परवानगी, आणण्याची नव्हे.

हंगामही इथेच ठरवा. माळव्यात सोयाबीन निघाल्यावर आणि गहू पेरण्याआधी, म्हणजे साधारण दिवाळीच्या आसपास, शेतं उघडी असतात. दुसरी संधी गहू कापल्यावर, मार्चअखेर ते एप्रिल. उभ्या पिकात परवानगी मागूही नये. पहिल्या पावसानंतर खापरं धुऊन वर येतात खरी, पण काळ्या मातीत चाकं रुततात आणि पावलांनी शेताची सरी मोडते.

टप्पा ३: सामान

घ्या: १५ सेंटिमीटरची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, मऊ ब्रश, लोहचुंबक, टाइलचा एक तुकडा (मागची खरखरीत बाजू लागते), छोटी स्टीलची सुरी, व्हिनेगरची बाटली, जुनी वर्तमानपत्रं, प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल. शाई ओलाव्यात पसरते, म्हणून पेन्सिल. एक काठी आणि पायात पूर्ण झाकणारे बूट.

घरी ठेवा: कुदळ, फावडं, छिन्नी, घमेलं आणि मेटल डिटेक्टर. डिटेक्टर आवाज करतो तो जमिनीखालच्या वस्तूसाठी, म्हणजे त्याचा उपयोग खोदण्याशिवाय होतच नाही. स्मारकाच्या गावात डिकीत डिटेक्टर आणि कुदळ सापडली तर तुमचा हेतू काय होता हे समजावण्यात दिवस जाईल.

सावधान: हिवाळ्यात दगडाखाली विंचू असतात. दगड काठीने उलटवा, आणि उलटवताना पलीकडची कड आपल्याकडे खेचा, म्हणजे खाली जे असेल ते दगडाच्या आडून पलीकडे जाईल.

टप्पा ४: जागेवर, हात लावण्याआधी

क्रम असा: थांबा, वाका, पाहा, फोटो काढा, ठरवा. उचलणं सगळ्यांत शेवटी.

पाहताना पहिला प्रश्न एकच: यावर माणसाचा हात फिरलाय का? लहान मुलांना हे लवकर जमतं, मोठेच घाई करतात. माळवा आणि निमाडात फसवणाऱ्या चार गोष्टी आहेत.

पहिली, खापरं. आजच्या कुंभाराचं मडकं आणि तीन-चार हजार वर्षांपूर्वीचं भांडं, दोन्ही लालच. पण तांबूस किंवा फिकट पिवळसर पृष्ठावर काळ्या रंगाच्या रेषा, जाळ्या, त्रिकोण, प्राणी दिसले तर ते ताम्रपाषाण काळाचं माळवा भांडं असण्याची शक्यता मोठी. महेश्वरच्या समोर नावडातोली आणि उज्जैन जिल्ह्यातलं कायथा, दोन्ही ठिकाणी उत्खननात असा माल निघाला आहे. जमीन राखट, भुसभुशीत, आजूबाजूच्या काळीपेक्षा उजळ असेल तर तुम्ही जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, उभे आहात. तिथून रंग नसलेलं खापरही उचलू नका.

दुसरी, गारगोटीच्या कपच्या. दोन-तीन सेंटिमीटर लांब, पात्यासारखी, पाठीवर समांतर कंगोरे असलेली कपची हे दगडी हत्यार असतं. ज्या गोट्यातून अशी पाती काढली त्या गाभ्यावर उभ्या पन्हळी दिसतात. संग्रहात ‘छान अकीक’ म्हणून ठेवलेले कितीतरी तुकडे प्रत्यक्षात असे गाभे असतात.

तिसरी, बुडबुड्यांची छिद्रं असलेला, जड, चुंबकाला ओढणारा काळा गोळा. लोक त्याला उल्का समजतात, पण बहुतेक वेळा ती लोखंड गाळल्यावरची मळी असते. जुन्या भट्टीची असेल तर तीही पुरावा आहे.

चौथी, जीवाश्म. बाग परिसरात समुद्री शिंपले आणि सागरी अर्चिन असलेले चुनखडीचे थर आहेत, आणि डायनासोरच्या अंड्यांचे गोल गोळेही. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर्मदा खोऱ्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली. घरट्यातल्या अंड्यांची मांडणी हाच अभ्यासाचा विषय असतो. एक गोळा हलला की ती मांडणी कायमची मोडते. शिवाय काही गावांत असे गोळे देव म्हणून पूजेत आहेत, त्यांना कुतूहलाने ठोकून पाहणं हा त्या घरांचा अपमान आहे.

या चारांपैकी काहीही असेल, किंवा शंका असेल, तर वस्तू जिथे आहे तिथेच राहील. झाडाखाली ठेवलेली भग्न मूर्ती, सतीचा दगड, वीरगळ यांचं तर बोलायलाच नको.

आणि एक गोष्ट दगडांपलीकडची: जंगलात गळून पडलेलं सांबराचं किंवा चितळाचं शिंग. मुलं ते हमखास उचलतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते बाळगणं गुन्हा आहे, मग ते आपोआप गळलेलं का असेना.

टप्पा ५: उचलायचं नाही, पण नोंद मात्र पक्की

चार फोटो, याच क्रमाने: दूरचा, ज्यात झाड, विहीर किंवा मंदिर अशी खूण येईल, मधला, तीन-चार पावलांवरून, जवळचा, बाजूला पट्टी ठेवून, आणि त्याच चौकटीत तिरप्या उजेडाचा, म्हणजे कंगोरे उठून दिसतात. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर.

मग फोनवरून अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा. एवढ्यात जागा साधारण एक मीटरपर्यंत सांगता येते. तारीख, वेळ, शेताचं नाव, आसपास आणखी काय दिसलं, हे लगेच टिपा.

ही नोंद जिल्हा पुरातत्त्व संग्रहालयात द्या. इंदूरच्या मंडळींना आग्रा-मुंबई मार्गावरचं केंद्रीय संग्रहालय सोयीचं. सोबत छापील फोटो आणि अर्जाची पोच घ्या.

सावधान: नेमकी जागा कुटुंबाच्या गटातसुद्धा टाकू नका. फोटो पाठवण्याआधी त्यातली स्थाननोंद बंद करा. चोरीचं खोदकाम बऱ्याचदा अशाच निरागस फोटोमागून येतं.

टप्पा ६: नाणी, दागिने, हंडा निघाला तर

हे सहलीत क्वचित होतं, पण जुनी इंदूरमधल्या वाड्याचा पाया खणताना किंवा आजोळच्या शेतात नांगर लागताना होऊ शकतं, आणि तेव्हा नियम तोच: १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू त्यात येते. दहा रुपये ही मर्यादा आजही तीच आहे, म्हणून चांदीचं एक नाणंसुद्धा पुरतं. स्वतःच्या अंगणात सापडलं तरी सुटका नाही.

१. काम थांबवा. आणखी खणू नका, भांडं उलटं करू नका, मोजणी करू नका.

२. जागेवरच फोटो काढा. नाणी चिंच, लिंबू, पितांबरी यांनी घासू नका. वरचा थर गेला की वाचता येणारी अक्षरंही जातात, आणि माती हीच ती वस्तू कुठून आली याची साक्ष असते.

३. गावात सरपंच किंवा कोटवार आणि पोलीस ठाणे, शहरात थेट ठाणे, यांना कळवा. साक्षीदार असणं तुमच्याच सोयीचं आहे.

४. जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे कलेक्टरांना, लेखी सूचना द्या: काय सापडलं, किती, अंदाजे किंमत, नेमकी जागा, सापडल्याची तारीख. मग ऐवज सरकारी कोषागारात जमा करा, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची जमानत द्या. पोच जपून ठेवा.

त्यानंतर अधिसूचना निघते आणि हक्कदारांना हजर होण्यासाठी चार ते सहा महिन्यांमधली तारीख दिली जाते. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलं असं दिसलं तर त्याच्या वारसाला दावा करायला संधी मिळते. ऐवज बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन-चतुर्थांश सापडवणाऱ्याचा आणि एक-चतुर्थांश मालकाचा. शासनाला तो स्वतःकडे ठेवायचा असेल तर धातूची किंमत आणि तिच्या एक-पंचमांश जास्त रक्कम देऊन घेता येतो.

कळवलं नाही तर वाटा बुडतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होतं. सराफ्यात गुपचूप दाखवून ‘आधी किंमत काढू’ ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्या क्षणी तुम्ही प्रामाणिक सापडवणारे राहत नाही.

टप्पा ७: नैसर्गिक दगड निवडणं

खाजगी शेत, लेखी परवानगी, माणसाच्या हाताची खूण नाही. हे तिन्ही जुळलं तरच पुढे. माळव्याच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, स्फटिक आणि पांढऱ्या सुयांसारखं झिओलाइट मिळतं. आम्ही कुटुंबामागे एक बुटाचं खोकं, जास्तीत जास्त दोन किलो, आणि मुठीपेक्षा मोठा दगड नाही, असा दंडक सुचवतो. ही कायद्यातली सवलत नाही, फक्त हावरेपणाला घातलेली वेस आहे.

ओळखण्यासाठी: सुरीने ओरखडा उठत नाही आणि काच कापली जाते तो गारगोटीच्या कुळातला. टॉर्च मागे धरल्यावर कडेने उजेड झिरपला आणि पट्टे दिसले तर अकीक. सुरीने सहज खरडला गेला आणि व्हिनेगरच्या थेंबाने बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. झिओलाइटवर व्हिनेगर टाकू नका आणि त्याच्या सुया बोटाने पुसू नका.

पिवळं चमकलं म्हणून सोनं नसतं, आणि बेसाल्टात सोन्याची आशाच धरू नये. पातळ पापुद्रे सुटले तर अभ्रक. टाइलच्या खरखरीत बाजूवर घासून काळपट रेघ उमटली तर माक्षिक, म्हणजे पायराइट. सोन्याची रेघ सोनेरीच येते.

नर्मदाकाठचे गोटे हा नाजूक विषय. ‘नर्मदेचे कंकर सारे शंकर’ म्हणत पूजेसाठी एखादा गोटा घरी आणण्याची रीत जुनी आहे आणि ती आम्ही मोडायला सांगत नाही. पण एक म्हणजे एक. कुंडीत पसरायला पिशवीभर गोटे किंवा बादलीभर वाळू हे गौण खनिजाचं अवैध परिवहन आहे.

सावधान: ओंकारेश्वर आणि त्याखालच्या काठांवर धरणाचं पाणी सुटलं की पात्र झपाट्याने भरतं. एप्रिल २००५ मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीच्या मेळ्यात असंच पाणी वाढून अनेकांचे प्राण गेले. भोंगा ऐकू आला की वस्तू तिथेच टाकून वर या. मुलांना पात्रातल्या खडकांवर एकटं सोडू नका.

टप्पा ८: वाळू चाळून धातू शोधायची हौस असेल तर घरीच

नदीवर परात घेऊन बसणं म्हणजे विनापरवाना पूर्वेक्षण (खनिजाचा शोध), आणि १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमात त्याला जागा नाही. मात्र हात बसवण्यासाठी नदी लागत नाही. बांधकामाच्या दुकानातून रॉयल्टी भरलेली वाळू किलोभर घ्या.

वाळू दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. सायकलचे बारीक छर्रे मोजून दहा टाका. टपात पाणी भरून परात पूर्ण बुडवा आणि वीसेक वेळा जोरात डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे जड कण तळाशी बसतात. मग परात पुढे तिरकी करून वरची वाळू हळूहळू पाण्यात सोडा. दर चार-पाच लाटांनंतर पुन्हा सपाट धरून हलवा. लोक हेच विसरतात, आणि जड कण वरच्या वाळूबरोबर वाहून जातात.

शेवटी चमचाभर काळी वाळू उरेल. छर्रे वेचून मोजा, मग चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवा. त्याला चिकटतं ते मॅग्नेटाइट, पाण्याच्या पाचपटीहून जड. दहापैकी नऊ छर्रे सलग तीन वेळा परत मिळाले की हात बसला. सोनं पाण्याच्या १९ पटींहून जड असतं, म्हणजे छर्रे टिकले तर तेवढ्या आकाराचं सोनं टिकेलच.

हिऱ्यांची खरीच ओढ असेल तर पन्ना जिल्ह्यात कायदेशीर वाट आहे. तिथल्या हीरा कार्यालयातून ८×८ मीटरच्या उथळ खाणीचा पट्टा मिळतो, आणि मिळालेला हिरा त्याच कार्यालयात जमा करून लिलावाला जातो. दोन दिवसांच्या सहलीत मात्र हे बसत नाही.

टप्पा ९: निघताना आणि घरी

गाडी सुरू करण्याआधी सगळे खिसे, बूट आणि मुलांच्या बाटल्यांचे कप्पे रिकामे करा. शंकेची वस्तू निघाली तर जिथून घेतली तिथेच ठेवा, रस्त्याकडेला फेकू नका. चुकीच्या जागी पडलेलं खापर पुढच्या संशोधकाला चकवतं.

प्रत्येक दगड वेगळ्या कागदात, आणि चिठ्ठी आतच: तारीख, गाव, खसरा, कुणाच्या परवानगीने. घरी साध्या पाण्याने धुवा, आम्ल नको. चिठ्ठी हरवलेला दगड संग्रहातून काढून टाका, तो कुठून आला हे आता तुम्हीही सांगू शकत नाही.

विकत घेतलेल्या वस्तूंची पावती ठेवा. महेश्वर-ओंकारेश्वरच्या दुकानातलं नवं घडवलेलं बाणलिंग बेधडक घ्या. ‘जुनी मूर्ती, शेतात निघाली’ असं सांगून कुणी दाखवली तर हात लावू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर, १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. दगड, माती आणि धातूच्या जुन्या मूर्तींची नोंदणी सक्तीची आहे, आणि धंदा म्हणून विकायला परवाना लागतो. परदेशातल्या लेकीला आजीच्या देवघरातली पितळी मूर्ती पाठवायची झाली, तर आधी ती पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्या. त्यासाठी मूर्ती तज्ज्ञांना दाखवावी लागते, म्हणून तिकीट काढण्याआधी पुरेसा वेळ हाताशी ठेवा.